इसाबेलच्या मामांचा नाच

दार उघडलं तेव्हा केंजी-सान वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. इसाबेल पहाटे हॉस्पिटलमध्ये वारली, असं त्यांनी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, मला जपानी नीट कळावं म्हणून. ज्याची बायको गेली तो माणूस माझ्या सोयीने बोलत होता. आणि मी त्यांना चहा घेता का विचारलं! ते नको म्हणाले. मग त्यांनी एकच मागणी केली... आपल्याकडे तेरावा करतात तसा त्यांच्याकडे एकोणपन्नासावा दिवस असतो, त्या दिवशी आमच्या संकुलाच्या हॉलमध्ये आम्ही बायकांनी तिचा नाच करावा. मी पटकन हो म्हटलं. दार लागल्यावर लक्षात आलं, की हो म्हणायचा अधिकार मला नव्हताच.

इसाबेल तोलाई होती, पापुआ न्यू गिनीमधल्या न्यू ब्रिटन बेटावरची. मी नवऱ्याच्या बँकेच्या पोस्टिंगमुळे टोकियोतल्या ओजिमात आले तेव्हा मोठा भूकंप होऊन वर्ष झालं होतं, पण जमीन अधूनमधून हलायचीच. अशाच एका धक्क्याला मी मुलीला कडेवर घेऊन जिना उतरले, तर ही बाई शांतपणे कचऱ्याच्या पिशव्या वेगवेगळ्या लावत होती. "तुझ्या कालच्या पिशवीत बाटल्या होत्या," ती इंग्रजीत म्हणाली. मी ओरडले, "अगं, भूकंप होतोय!" "हो. पण बाटल्यांचा दिवस उद्या असतो." तिच्या लहानपणी गावाशेजारचा ज्वालामुखी फुटून सगळं राखेखाली गेलं होतं, त्यामुळे आमची घाबरगुंडी तिला करमणूकच वाटायची. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

निशी-कसाई या जवळच्याच भारतीय वस्तीतल्या आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपला तिने नाच शिकवला तो माझ्याच हट्टापायी. बायका रांगांनी उभ्या राहतात, गुडघे किंचित वाकवतात, आणि सगळ्यांचे हात एकदम वळतात. कुंडू, म्हणजे मध्ये बारीक असलेला डमरूसारखा ढोल, फोनवरून वाजायचा. गाण्याचा अर्थ ती सांगायची नाही; मलाच पुरता कळत नाही, म्हणायची. आमच्या गणपतीतल्या पहिल्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी आम्ही हौसेने शेवटी झिम्म्याच्या टाळ्या जोडल्या. इसाबेलने फोनवरचा ढोल बंद केला. "हा मामाचा नाच आहे," ती म्हणाली. "तो उपास करून एकटा राहिला, तेव्हा आत्म्यांनी त्याला स्वप्नात दाखवला. हात कुठे जायचे तेही त्यांनीच सांगितलंय." भोंडल्याची गाणी म्हणायला आपण कधी कुणाला विचारतो? त्यांच्यात मात्र नाचाला मालक असतो, आणि आईकडून कूळ चालत असल्यामुळे शब्द मामाचा. तिने तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला. मामांनी टाळ्यांसकट सगळं पाहिलं, पोट धरून हसले आणि म्हणाले, "टाळ्या काढा. बाकी करा. पण इसाबेल पुढे असेल तोवरच."

आता इसाबेल नव्हती. मी धीर करून मामांना फोन लावला. सांत्वन कसं करायचं तेच मला समजेना, कारण भाची म्हणजे त्यांचं कूळच. त्यांनी विचारलं, "तिने तुला कुठे उभं केलं होतं?"

"तिच्या मागे, उजवीकडे."

"मग तिथेच उभी राहा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ही परवानगी की नकार? मी नवऱ्याला विचारलं, मैत्रिणींना विचारलं, आणि जितकी तोंडं तितकी मतं ऐकून आणखीच गोंधळले.

शेवटी आम्ही पुढची जागा मोकळी ठेवून उभ्या राहिलो. ढोल सुरू झाला आणि आमचा सगळ्यांचाच ठेका चुकला, कारण आम्ही इतकी वर्षं ढोलाकडे नाही, तिच्या पाठीकडे बघून नाचत होतो. हात कुणाचे कुठे, पाय कुणाचे कुठे. माझे डोळे भरून आले आणि मला थांबावंसं वाटलं... तेवढ्यात काळ्या सुटातले केंजी-सान उठले आणि मोज्यांनिशी चालत येऊन त्या मोकळ्या जागेत आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. नाच बायकांचा, तिथे पुरुष चालतच नाही, हे इसाबेलने शंभरदा बजावलं होतं. त्यांना अडवावं का? मी अडवणार तोच त्यांचे हात वळले. अगदी बरोबर वळले. स्वयंपाकघरात गुणगुणत नाचणारी बायको त्यांनी किती वर्षं पाहिली असेल, कोण जाणे. त्यांच्या पाठीकडे बघत आम्ही नाच पुरा केला.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही उमगलेलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढे कोण होतं?"

"इसाबेल," मी म्हटलं.