बाबांचं ब्लेड, आईचं आमसूल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? सांगते, पण हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा.

परवा माझी सून पार्लरमधून आली ती गुळगुळीत गाल घेऊन. डर्माप्लेनिंग केलं म्हणे. म्हणजे काय गं, तर ब्लेडने तोंडावरची लव काढतात. त्याआधी काय काय माहीत हवं तेही तिने मला नीट समजावलं. कार्यक्रमाच्या दिवशी करायचं नाही, घरातल्या कुणाच्या वस्तऱ्याने करायचं नाही, नंतर उन्हात जायचं नाही आणि तोंडाला आंबट तर अजिबात लावायचं नाही. मी गुपचूप मान डोलावली. हे सगळे नियम मी एकाच सकाळी मोडलेले आहेत, हे तिला कशाला सांगू?

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही अंधेरीला, मरोळच्या बाजूला चाळीत राहायचो. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि मी साकीनाक्याला एका कारखान्यात टायपिस्ट होते. घर माझ्या पगारावर चालायचं. त्यामुळे मला बघायला येणारे पहिला प्रश्न विचारायचे, लग्नानंतर नोकरी सोडणार ना? मी नाही म्हटलं की 'कळवतो' म्हणून जायचे. एकांनी मात्र मध्यस्थाकडून खरं कारण कळवलं होतं. मुलगी बरी आहे, पण ओठावर जरा जास्तच आहे.

आता एवढं ऐकल्यावर माणूस आरशात दुसरं काही बघू शकतो का? मला नाक-डोळे दिसेनासेच झाले. नुसती मिशी.

अशात गोरेगावचं स्थळ आलं. मुलगा पवईला नोकरीला, फोटो पसंत, आणि मुलीने नोकरी केली तरी आमची हरकत नाही असा निरोप. रविवारी दुपारी मला बघायला येणार होते. मला वाटलं, हे हातचं जाता कामा नये. फोटो पसंत पडला तो स्टुडिओवाल्याची कृपा म्हणून. त्यात लव दिसत नसणार, अशी माझी खात्री होती. खात्री म्हणजे, मी तो फोटो नीट बघितलाच नव्हता. पाकिटातून आला तसा बाबांच्या हातात दिला होता. स्वतःचा फोटो बघायची मला भीतीच वाटायची.

पार्लर चाळीतच होतं, एका बाईंच्या खोलीत. पण तिथे सकाळी ब्लीच केलं की दुपारपर्यंत ते नळावर सगळ्यांना कळायचं. म्हणून त्या रविवारी सकाळी आई मासळी आणायला गेली आणि बाबा पेपर वाचत गॅलरीत बसले, तेव्हा मी त्यांचा वस्तरा घेऊन मोरीत शिरले. रविवारसाठी त्यांनी नवं ब्लेड घालून ठेवलेलं होतं.

अंगाचा साबण फासला आणि ओठावरून फिरवलं. झकास! पण मग ओठ साफ आणि गाल तसेच, असं विचित्र दिसायला लागलं. म्हणून गाल केले. गाल झाले तर कपाळ वेगळं दिसायला लागलं. भिंतीचा एक कोपरा रंगवला की अख्खी खोली रंगवावी लागते, तसं झालं. शेवटी हनुवटीशी थोडं कापलं, दचकले आणि वस्तरा हातातून मोरीच्या दगडावर पडला. धुऊन जागच्या जागी ठेवला आणि तोंड वाळवायला मागच्या खिडकीत उन्हात उभी राहिले.

आई आली तोवर तोंडभर लाल चट्टे उठले होते. तिने पिशवी तिथेच टाकली.

"गो बाय माझे, तुका पित्त उठलां!"

खरं सांगितलं असतं तर तिने त्या दिवशी पाहुण्यांना येऊच दिलं नसतं. पोरीच्या जातीने दाढी केली, हे तिच्या पचनी पडलं नसतं. मी म्हटलं, हो गं, पित्तच असेल.

आणि आमच्या कोकणात पित्तावर औषध एकच. आमसूल. आईने मूठभर आमसुलं भिजवली, चांगली कुस्करली आणि तो जांभळा कोळ माझ्या ताज्या सोललेल्या तोंडावर चोळला. काय आग झाली म्हणून सांगू! डोळ्यांतून घळाघळा पाणी. आईला वाटलं, सासरी जायच्या विचाराने रडतेय. तिचेही डोळे भरले, आणि मायेने तिने अजून एक हात चोळला.

शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या. जांभळं-तांबडं तोंड बघून म्हणाल्या, हे पित्त नव्हे, गोवर आहे. लगेच कडुलिंबाचे डहाळे आणून दाराला लावले.

तेवढ्यात मोरीतून बाबा बाहेर आले. हनुवटीवर दोन ठिकाणी कागदाचे कपटे चिकटवलेले. नवं ब्लेड असं कसं कापतं, म्हणत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. गालावर बघितलं, हनुवटीवर बघितलं. मी खाली बघितलं.

"ब्लेडच खराब निघालं," ते आईला म्हणाले आणि पेपर घेऊन बसले. बाबांवर इतकी माया मला आधी कधी आली नव्हती.

पाहुणे चारला यायचे होते. पण आरे कॉलनीतून येणारी बस त्यांना लगेच मिळाली आणि ते तासभर आधीच दारात. मुलगा कडुलिंब बघून उंबऱ्याबाहेरच थांबला. घरात कुणी आजारी आहे का, त्याने विचारलं. आई म्हणाली पित्त, काकू म्हणाल्या गोवर, आणि दोघींचं दारातच सुरू झालं. मला वाटलं, संपलं. हे स्थळही गेलं.

मुलाची आई मात्र सरळ आत आली. ठेंगणी, करारी बाई. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या कपट्यांकडे, मग परत माझ्याकडे.

"जरा पाणी दे गं," म्हणाली आणि माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली.

मी पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही. हळूच म्हणाली, "बापाचं नि तुझं ब्लेड एकच दिसतंय."

मला रडू फुटलं. सगळं सांगितलं तिला, मध्यस्थाच्या निरोपापासून. ती ऐकत राहिली. मग मला खिडकीशी नेऊन तिने आपलं तोंड उजेडाकडे वळवलं. तिच्या ओठावर चांगली ठसठशीत लव होती, माझ्या दुप्पट.

"माझ्या सासरी मला आयुष्यभर यावरून बोलले," ती म्हणाली. "तुझ्या फोटोत उजेड बाजूने पडलाय, सगळी लव स्पष्ट दिसते. म्हणून तर मी तो फोटो उचलला. म्हटलं, घरात आपल्यासारखी एक तरी येईल."

ज्या गोष्टीवर मी पसंत पडले होते, तीच मी सकाळी मोरीत वाहवून आले होते.

तिने काळजीने माझ्या गालावरून बोट फिरवलं. "परत उगवेल ना गं?"

लग्न ठरलं. तारीख मात्र सासूबाईंनी चांगली लांबची धरली. बाबांना वाटलं, आपली ओढाताण ओळखून सवड दिली. आईला वाटलं, हॉल मिळत नसेल. ती सवड कशासाठी होती हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तो लग्नातला फोटो भिंतीवर आहे, बघा. सासूबाई आणि मी शेजारी शेजारी. फोटोवाल्याला सांगून त्यांनी उजेड मुद्दाम बाजूने घेतलाय.