बठ्ठ्या मिळीसन एक

अक्का गेली सकाळी, पिंप्राळ्याच्या आमच्या घरात, अर्धा चहा कपात टाकून. त्याला आता दीड महिना झाला...

सुमनअक्का माझी थोरली चुलत बहीण. साक्रीजवळच्या आमच्या खेड्यातून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली पहिली मुलगी. लांबच्या रेडिओ दुर्बिणींच्या केंद्रात तिला नोकरी लागली, तेव्हा तिचे वडील, आमचे आबा, तिच्याशी बोलेनासे झाले. त्यांनी धुळ्यात तिच्यासाठी शाळेतली जागा बघून ठेवली होती. शेवटी तिला परत आणायला ते स्वतःच एसटीने निघाले, सोबत मी.

शिवारात दूरदूर उभ्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या आमच्या देखत सावकाश एकाच दिशेला वळल्या. आबांनी विचारलं, “यामा तुनी कोनती?”

“एकबी नही, आबा. बठ्ठ्या मिळीसन एकच दुर्बीण शे.”

एकेकीला धूसर दिसतं, पण केबलींनी जोडून सगळ्यांचे संकेत जुळवले की त्या अख्ख्या परिसराएवढी दुर्बीण असल्यासारखं बारीक दिसतं, हे तिने समजावलं. दूरच्या आकाशगंगा केंद्रातल्या लोकांना अभ्यासायच्या होत्याच. पण पहिले तारे पेटण्याआधी विश्वात जो नुसता हायड्रोजन भरलेला होता, त्याची क्षीण खूण पकडणं हे मोठं स्वप्न.

“सापडनी का?”

“नही, आबा.”

मला वाटलं, आता आबा तिची पेटी उचलणार. त्यांनी तबकडीकडे बघितलं. मग म्हणाले, “मंग आर्धं काम टाकीसन कशी येशी?”

परतीच्या एसटीत आम्ही दोघंच होतो.

अक्का निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली, तरी ती खूण सापडली नव्हती. मेहरूण तलावावर फिरताना मी एकदा विचारलं, “वाईट नाही वाटत?”

“वाटतं ना. मला बघायचं होतं गं...” एवढंच म्हणाली आणि चालत राहिली.

दहाव्यानंतर तिचा फोन वाजला. केंद्रातली एक तरुण इंजिनियर. एका तबकडीत खरखर येत होती, मॅडमनी पूर्वी ती कशी शोधली होती, हे तिला विचारायचं होतं. मी सांगितलं, अक्का गेली. मग मीच म्हटलं, “थांब, तिची वही बघते.” पान सापडलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी एकेक ओळ वाचत गेले, ती लिहून घेत गेली.

अक्काचा फोन मी रोज चार्ज करते. वहीशेजारी, तिच्या टेबलावर ठेवते.