एका सीताफळाचे दोन वाटेकरी

आमच्या ऑफिसात काम किती झालं ते विचारू नका, किस्से मात्र गोणीभर निघतील. चार माणसं, एक खोली, खाली पाइपचं दुकान. एवढ्याशा जागेत किस्से साचणारच. बीडला सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे म्हटलं की पाहुणे आधी हसतात, मग विचारतात, "मंग पुण्याला कावून न्हाई गेला?" त्याचं उत्तर मला अजून जमलेलं नाही, म्हणून मी किस्से सांगत सुटतो.

आधी माणसं सांगतो. सर म्हणजे मालक. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून गावाकडं परत आलेले. कादरभाई मोटर, पट्टा, लोखंड बघणारे. त्यांचं शिक्षण किती ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आमची विचारायची हिंमत झाली नाही. वैशाली म्हणजे आमच्या ऑफिसचं डोकं. आणि चौथा मी. स्क्रीनवर जे दिसतं ते माझं, त्यामुळं शिव्याही माझ्याच.

आम्ही बनवत होतो सीताफळं निवडायचं मशीन. पट्ट्यावरून फळ येणार, कॅमेरा फोटो काढणार, कॉम्प्युटर चांगलं की बाद ते ठरवणार, आणि बाद असलं की एक लोखंडी पंजा त्याला बाजूच्या क्रेटमध्ये ढकलणार. सांगायला एक वाक्य, करायला दीड वर्ष गेलं.

* * *

पहिली ट्रायल नेकनूरला, अण्णांच्या शेडमध्ये. अण्णा म्हणजे तिथल्या सीताफळवाल्या शेतकऱ्यांच्या गटाचे प्रमुख. आमचे दोन प्रोग्राम होते. एक फोटो काढायचा, दुसरा तो बघून निकाल द्यायचा. पहिला दुसऱ्याला फोटोची कॉपी पाठवायचा. फोटो मोठे, कॉपीला वेळ लागायचा, आणि पट्टा काही कुणासाठी थांबत नाही. निकाल येईपर्यंत पुढचं फळ पंज्यासमोर! काळी फळं ऐटीत चांगल्यांच्या क्रेटमध्ये जात होती आणि त्यांच्या मागची चांगली बाद होत होती.

अण्णांनी दहा मिनिटं शांतपणे बघितलं. मग सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मशीन हुशार हाय, सर. फकस्त गेलेल्या फळाचा राग येणाऱ्यावर काढतंय."

* * *

वैशाली म्हणाली, कॉपी पाठवायचीच कशाला? मेमरीचा एकच तुकडा दोघांना सामाईक देऊन टाकू. एक तिथं फोटो ठेवील, दुसरा तिथंच बघेल, नेणं-आणणं बंद. याला शेअर्ड मेमरी म्हणतात. कादरभाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा तिनं सांगितलं की तिच्या घरची आणि तिच्या चुलत्यांची विहीर सामाईक आहे, हे तसंच समजा.

कादरभाईंनी जरा विचार केला. "सामाईक इहीर म्हंजे भांडण आलंच की," म्हणाले. आम्ही हसलो. हसायला नको होतं.

आठवड्यात भांडण लागलं. पहिला प्रोग्राम नवा फोटो लिहीत असतानाच दुसरा वाचायला सुरुवात करायचा. त्यामुळं वरचा अर्धा फोटो नव्या फळाचा, खालचा अर्धा मागच्याचा. स्क्रीनवर सीताफळ दिसायचं ते वरून हिरवंगार, खालून कोळसा, आणि मधोमध पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ.

सर पडले शेतकऱ्याचं पोर. त्यांना प्रोग्रामची चूक सुचलीच नाही, त्यांना वाटलं रोग पडला! त्यांनी तो फोटो ओळखीच्या कृषी सहायकांना पाठवून दिला. साहेब दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवर हजर, सोबत नमुन्यासाठी पिशव्या. अशी रेघ त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. बिचारे फार खुशीत होते.

तोवर वैशालीला खरा प्रकार कळला होता. सांगायला सरांनी मला पुढं केलं. मी म्हटलं, साहेब, रोग फळाला नाही, आमच्या प्रोग्रामला आहे. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पिशव्यांच्या घड्या केल्या, चहा घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग फवारणी कशाची करणार?"

* * *

फवारणी म्हणजे लॉक. एक जण लिहितोय तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. विहिरीवर पाण्याची पाळी असते, अगदी तशी पाळी. वैशालीनं एका दिवसात ते लिहिलं आणि दोन दिवस झकास चाललं.

तिसऱ्या दिवशी सगळं ठप्प. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. कादरभाईंनी मोटर खोलून पुन्हा जोडली, चार वाजले. शेवटी कळलं की फोटोवाला प्रोग्राम पाळी धरूनच मध्ये बंद पडलाय. त्यानं पाळी सोडली नाही, म्हणून दुसरा सकाळपासून मुकाट्यानं वाट बघत बसला होता.

वैशालीनं कपाळावर हात मारला. "आमचे चुलते असेच मोटरीच्या खोलीची किल्ली खिशात घालून कपिलधारच्या यात्रेला गेलते. आमची मेथी वाळायला लागली."

मग काय केलं, सरांनी विचारलं.

"आईनं कुलूप फोडलं."

तिनं प्रोग्राममध्येही तेच केलं. पाळी धरणारा जिवंत नसेल तर कुलूप फोडायचं. त्या फंक्शनचं नाव आजही 'आई' आहे.

* * *

या सामाईक मेमरीची अजून एक खोड. प्रोग्राम बंद केला तरी तिच्यात शेवटचा फोटो तसाच राहतो, आपण पुसला नाही तर. आम्ही पुसायचं विसरलो होतो. सकाळी मशीन चालू केलं की पट्ट्यावर फळ नाही आणि पंजा आपला कालच्या काळ्या फळाच्या नावानं धडाधड हवेत हाणतोय!

हे एकदा नेकनूरच्या शेडमध्ये अण्णांच्या आईनं बघितलं. म्हातारीनं कुणाला न विचारता मशीनला लिंबू-मिरची बांधली, ती नेमकी कॅमेऱ्यासमोर. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर स्क्रीनवर लिंबू, आणि खाली निकाल: चांगलं, लहान साइज.

* * *

यंदा हंगामाच्या तोंडावर सरांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. अण्णांच्या गटानं या वेळी मशीन घेतलं नाही, तर ऑफिसला टाळं. कादरभाईंचं गॅरेज होतं. मी पुण्याला गेलो असतो, कुरकुरत का होईना. वैशालीला जाता येत नव्हतं. घरी ती आणि आई, दोघीच. आईचे डोळे दोन वर्षांपूर्वी गेले. घर आणि अंगण हातापायांना पाठ आहे म्हणून ती माउली हिंडते-फिरते. पुण्याच्या खोलीत ती भिंती चाचपत बसली असती. त्या दिवशी मला वैशालीकडं बघवेना.

डेमोला वीसेक शेतकरी जमले. अण्णांनी स्वतः चांगली-काळी फळं मिसळून टोपल्या भरल्या. पट्ट्यावर फळं टाकायला सालूबाई. हातानं निवड करणाऱ्या बायांत ती सगळ्यात जुनी. मशीन पास झालं तर पहिली घरी बसणार तीच, हे तिच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

मशीन सुरू झालं. काळं आलं की पंजा, काळं आलं की पंजा. शेतकरी जवळ सरकले, मोबाइल निघाले, गप्पा सुरू झाल्या. तासाभरानं अण्णांनी चांगल्या फळांचे क्रेट एकेक करून पालथे केले. एकही काळं फळ निघालं नाही. अण्णा सरांना म्हणाले, "घेतलं."

टाळ्या पडल्या. मी वैशालीकडं बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. ती स्क्रीनकडं बघत होती. स्क्रीनवर एक छान फळ होतं. पट्ट्यावर पुढचं फळ आलं, स्क्रीनवर तेच. त्याच्या मागचं आलं, तरी तेच. कॅमेऱ्याची वायर निसटली होती. मेमरीत शेवटचा फोटो पडून होता आणि निकालवाला प्रोग्राम तोच वाचून प्रत्येक फळाला चांगलं म्हणत होता. बादच्या क्रेटमध्ये सुरुवातीची दहा-बारा फळं होती, त्यानंतर एकही पडलं नव्हतं.

मी तिला हळूच म्हटलं, गप्प राहा, मी वायर लावून येतो. आज त्याची लाज वाटते. ती सरळ अण्णांपुढं जाऊन उभी राहिली.

"अण्णा, कॅमेरा बंद हाय. मशीननं मघापासनं एकबी फळ बघितलं न्हाई."

सरांनी डोळे मिटून घेतले. अण्णांनी क्रेटकडं बघितलं, मग आमच्याकडं. "मंग ही निवड कुणी केली?"

कादरभाईंनी नुसती मान वळवली, पट्ट्याच्या तोंडाकडं. सालूबाईच्या मागं एक टोपली होती, वर पोतं टाकलेलं. अण्णांनी पोतं उचललं. खाली काळी फळं, काठोकाठ.

अण्णांनी त्यातलं एक फळ हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, "सालूबाई, मशीन पास झालं आसतं तर उद्या तुलाच घरी बसावं लागलं आसतं. कळतंय का तुला?"

तिनं पदराला हात पुसले, वैशालीकडं मान हलवली. "कळतंय की. पर ती पोरगी सकाळधरनं जेवली न्हाई, अण्णा. तिला आदी जेवू घाला."

अण्णांनी ती टोपली स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवली आणि सरांकडं वळले. "वायर लावा, सर. हंगाम अजून लई पडलाय. अन् पट्ट्यावर फळं सालूबाईच टाकंल."