पश्चिमेची खिडकी

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घाटमाथ्यावरच्या गावात घरांना गवताच्या ताट्या बांधल्या गेल्या. तिरक्या पावसाने भिंती भिजू नयेत म्हणून दरवर्षी त्या बांधतात. मग दसऱ्यापर्यंत घरात भरदुपारीही दिवा लागतो.

गेल्या वर्षी त्या अंधारात शेजारच्या इंदूताईंनी अंथरूण धरले होते. पुन्हा तसे झाले तर आईला कायमची पुण्याला नेणार, असे मुलाने बजावले होते. यंदा ताईंनी पश्चिमेची खिडकी झाकू दिली नाही. तिथे जाड, पारदर्शक प्लास्टिक लावायला सांगितले.

ताट्या बांधणारा हसला. "मावशी, धुक्यात बघणार काय?"

"ते बघितल्यावर सांगते. आजवर भिंतच बघितली की!"

अंधार सोसण्याची सवय आमच्या गावाला इतकी जुनी आहे की तिलाच आम्ही शहाणपण म्हणतो. पावसाळ्यात माणसे कमी बोलतात आणि लवकर निजतात. त्या सवयीवर उतारवयात शंका घ्यायला वेगळीच उमेद लागते. आषाढात वाऱ्याने प्लास्टिक फाटले, तेव्हा ताईंनी ते स्वतः दाभणाने शिवले.

श्रावणात मुलगा गाडी घेऊन आला. खिडकीपाशी चार बायका भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

"सरक गं, उजेड काय तुझ्या एकटीचा आहे?" एक जण दुसरीला म्हणत होती.

ताईंनी मुलाच्या हातातही वाटी दिली. वाल सोलून, जेवून, संध्याकाळी तो एकटाच पुण्याला परतला.