हिरावहिनीचा धवला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं सांगू? ओळखत असतात, तर आत्ताही गप्पच बसले असते.

पण आधी त्या मालिकेचं सांगू दे. नाव नाही घेत. घेतलं की तुम्ही लगेच मोबाईल काढून कमेंटा वाचत बसाल. एवढंच धरून चाला, की खेड्यातली होती, आमच्या लहानपणी लागायची, आणि ती लागली की अंबरनाथच्या आमच्या चाळीत नळाला पाणी आलं तरी कुणी जागचं उठायचं नाही. तीच मालिका आता नव्याने आली. नवे नट, नवी नटी, सारवलेलं अंगणसुद्धा कसं चकाचक! झालं, सगळे पेटले. आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर गळक्या टाकीचा विषय मागे पडला. उल्हासनगरात साडीला फॉल घ्यायला गेले, तर तो सिंधी दुकानदार मापता मापता म्हणतो, "भाभी, पुराना वाला देखा था? उसमें दिल था!" अहो, तो मराठी मालिका बघतो हेच मला माहीत नव्हतं.

आणि मी? मी सगळ्यांच्या पुढे. जुनी मालिका मला तोंडपाठ. नवीचा एक भाग सोडायचा नाही, आणि एकही भाग धड बघायचा नाही — डोळे चुका काढायला, बोटं मोबाईलवर. त्यासाठी खोट्या नावानं एक खातंही उघडलं होतं. 'जुनीच बरी' असं नाव. त्या नावानं कुणाकुणाशी भांडले मी! मजा यायची हो, खोटं कशाला बोलू?

इथवर तुम्हीपण हसत असाल. आता हिरावहिनीचं सांगते.

हिरावहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. ती बदलापूर गावात राहते, आम्ही पूर्वेला फ्लॅटमध्ये. आम्ही आगरी. आमच्या लग्नात एकेका विधीला धवला गातात, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. हिरावहिनी धवलारीण. तिच्या आईकडून शिकली. तिचा आवाज गोड नाही — मोकळा आहे, किंचित फाटका, मांडवाच्या पार मागे भांडी घासणाऱ्या बाईलाही शब्द न् शब्द कळावा असा. माझ्या लग्नात तीच गायली होती. नवीन घर, ओळखीचं कुणी नाही, पाटावर बसून मी ढसाढसा रडले होते, आणि त्या आवाजानंच मला जरा धीर आला होता.

तर त्या मालिकेत लग्नाचा भाग होता. जुन्या मालिकेत तिथे एक गोड गाणं होतं, बासरीबिसरी लावलेलं. नव्या लोकांना म्हणे अस्सल पाहिजे होतं. शूटिंग बारवी धरणाच्या रस्त्याला चाललेलं. कुणीतरी वहिनीचं नाव सुचवलं. ती घाबरली. म्हणाली, "सुरेखा, तू चल गो माज्यासंगं. मना त्यांचा काय कलनार नाय." गेले. लुगडं मी नेसवलं, अंबाडा मी घातला. आणि मनात — कसं सांगू — मनात वाटत होतं की मलाही घेतील. शाळेत नाटकात काम केलेली मी, बोलणं शुद्ध, दिसायला बरी. तिथली एक बाई येऊन म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला व्हा, तुम्ही फ्रेममध्ये येताय." झाले बाजूला. जनरेटरपाशी उभी राहिले, वहिनीचा चष्मा सांभाळत.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. घडलं म्हणून सांगतेय.

तो भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे गावातल्या घरी जमलो. भाऊजींनी पेढे आणले होते. वहिनी टीव्हीवर आली, गायला लागली, आणि पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की तिनं पदरानं तोंडच झाकून घेतलं. इतकी गोड लाजली की मी तिला मिठी मारली. मनापासून मारली हो! मग घरी जाऊन जे केलं ते कुणी केलं?

घरी आले आणि त्या गाण्याच्या क्लिपखाली गेले. लोकांचं नेहमीचंच चाललं होतं — जुनं गाणं कुठे गेलं, हा काय आरडाओरडा. मीपण लिहिलं. 'ही बाई कुठून पकडून आणली? धवला असा गातच नाहीत. मी स्वतः आगरी आहे. सूरही चुकीचा, शब्दही चुकीचे. अस्सलच्या नावाखाली काहीही खपवू नका.'

आगरी आहे एवढं खरं. बाकी सगळं खोटं — आणि लिहिताना मला ठाऊक होतं, खोटं आहे. माझ्या माहेरी शुद्ध बोलायची सक्ती होती. धवल्याची एक ओळ मला धड येत नाही. पण 'स्वतः आगरी' म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय? बदाबदा लाइक पडले. लोक खाली लिहायला लागले — ऐका, घरचीच बाई सांगतेय. आणि मला, लाज वाटते सांगायला, फार बरं वाटलं.

रविवारी वहिनीकडे गेले. तिला मोबाईलवरचं बारीक अक्षर वाचवत नाही. म्हणाली, लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखव. मी चांगलं चांगलं तेवढं वाचत गेले. ती मान डोलावत वालाच्या शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "त्या आगरी बाईचा वाच ना. शेजारनीनं सांगितलान मना."

वाचलं. माझंच लिहिलेलं, माझ्याच तोंडानं, तिच्या ओट्यावर बसून, तिनं केलेला चहा पीत. वाटलं, आता ही शिव्या घालणार. वहिनीच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात, नाक्यावरचे रिक्षावाले टरकून असतात तिला. घाल बाई, मनात म्हटलं, पोटभर घाल. तिनं एकही शिवी दिली नाही. सोललेले दाणे नुसते हातानं चिवडत राहिली. मग म्हणाली, "खरा बोलत असल ती. आय जाऊन किती वरसा झाली. माजाच सूर हालला असल."

तेव्हाच सांगायचं होतं ना? अगदी ओठावर आलं होतं. आणि मी काय म्हणाले माहितेय? "जाऊ दे वहिनी, लोकांना काय कळतंय." लोकांना! घरी येऊन कमेंट काढून टाकली, खातं बंद केलं. त्याचा तिला काय उपयोग?

ती गायची थांबली. बोलावणं आलं की म्हणायची, गुडघे दुखतात, मांडवात बसवत नाही. लोकांनी थोडे दिवस मनधरणी केली, मग डीजेवर भागवायला लागले.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. मी वहिनीचे हात धरले, रडले, म्हटलं, तुझ्याशिवाय माझ्या पोरीला हळद लागायची नाही. तिनं माझे डोळे पुसले. म्हणाली, "तुज्या पोरीच्या लग्नात चुकीचा गाऊ का मी? तिला चांगलाच सगला मिलाया पायजे." तेव्हाही बोलले नाही मी. मुलीचं लग्न आहे, घरात तमाशा नको, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच, की वहिनी माझ्यावर जीव टाकते आणि तो मला हवा होता.

हळदीला पोरींनी स्पीकरवर जुन्या मालिकेतलं ते गाणं लावलं. बासरीसकट. बायका खूश झाल्या, जुन्या आठवणी काढून एकदोघी रडल्यासुद्धा. मुलगी पाटावर हसत बसली होती. हिरावहिनी माझ्या शेजारी आली, माझ्या दोन्ही गालांना हळद लावली, आणि कानाशी वाकून म्हणाली, "बग गो, कसा गोड गाना हाय. बरा झाला त्या बाईनं सांगितलान. नायतर जल्मभर चुकीचाच गात रायली असती मी."

मी 'हो' म्हणाले.