जत्रेच्या पंगतीत क्रोन्स

आमच्या गावच्या जत्रेत भावकीतल्या प्रत्येक घरी दोन घास खावेच लागतात. नाही खाल्ले तर ते घर वर्षभर तोंड फिरवून बसतं. आणि मला क्रोन्स, म्हणजे आतड्यांना सूज येणारा, आयुष्यभर सांभाळायचा आजार.

सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "सूज नुकती उतरलीय. पुन्हा भडकली तर आतड्याचा तुकडा काढायची वेळ येईल. सध्या तिखट, तेलकट बंद. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत."

घरातला पहिला पदवीधर मीच. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण भावकीच्या मते आजारही पदवीबरोबरच आला. "आमच्यात कुणाला झालाय व्हय असला रोग? लय वाचून आतडी सुकली," हे फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या चुलत्यांचं निदान. आत्याने कोरफड सुचवली. मेव्हण्याने तर गोळ्या फेकूनच द्यायला सांगितलं, कारण त्याची पोटदुखी एकदा सोड्याने थांबली होती.

पंगतीत चुलत्यांनी स्वतः रश्श्याची वाटी माझ्या ताटावर धरली.

"नको, काका. खरंच नको."

"बर्फात शिळ्या पुऱ्या खाल्ल्या आमी. आन् तुला घरचं मटान बाधतंय?"

"बाधतंय."

"काय हुतंय रं एवढं?"

आजवर मी ॲसिडिटी म्हणून वेळ मारून नेत होतो. आता भर पंगतीत विचारलंच, तर सांगितलं. आजार उसळला की किती वेळा पळावं लागतं, पोटात पीळ कसा पडतो, एसटी स्टँडवर मी गाडीच्या आधी शौचालय का शोधतो, पुन्हा भडकलं तर आतडं का कापावं लागेल, रक्त कसं पडतं. रंगसुद्धा सांगितला. समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांचे घास हातातच राहिले.

"बास! बास कर गड्या!" काकांनी वाटी खाली ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "रगत पडतंय? आन् हे आत्ता सांगतुयास?"

"तुमी आत्ता विचारलं."

त्यांनी आत हाक दिली, "ह्येला गुरगुट्या भात आणा!"

उरलेल्या घरांना ते माझ्यापुढं चालले. उंबऱ्यावरच फर्मान, "ह्येला आग्रह करायचा न्हाई. आतडं कापत्याल." कुणी नाक मुरडलं की माझ्याकडं वळायचे, "सांग रं ह्येंला सगळं. रंगासकट."

मऊ भात लगेच यायचा.