चालणं बंद झालंय, असं मी सांगितलं

हे लिहायचं मी काही वर्षं टाळलं. कुणी विचारलं की तुमचा तो मित्र मॉलमध्ये चालायला यायचा एकदम बंद का झाला होता, तर मी सांगायचो, "निवडणुकीच्या वेळी जरा वाजलं आमचं. मग तो रुसला." आता तो या जगात नाही, आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळींत आजही हेच खरं मानलं जातं. ते खरं नाही. तो रुसला नव्हता. त्याचं येणं मी बंद केलं होतं.

आम्ही चौघं होतो. मी, तो, नागपूरचे एक डॉक्टर आणि एक मुंबईकर इंजिनियर. सगळे रिटायर झालेले. दुकानं उघडायच्या आधी मॉलची दारं उघडतात, ती आमच्यासारख्यांसाठीच असावीत. आत बर्फ नाही, ऊन नाही, घसरून पडायची भीती नाही. दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि मग फूड कोर्टात स्वस्तातली सीनियर कॉफी घेऊन चालण्याच्या दुप्पट वेळ बसून राहायचं.

माझ्या मित्राच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता, त्यामुळे त्याचं गाडी चालवणं सुटलं होतं. बायको आधीच गेलेली. मुलगा दूर नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला, स्वतःच्या संसारात. टाउनहाऊसमध्ये हा एकटा. आमच्या भागात बस फिरकत नाही. ज्याला ड्राइव्ह करता येत नाही त्याने दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायची. माझं घर जवळ, म्हणून मी त्याला आणायचो. मी पोचायच्या आधीच तो बूट घालून दाराबाहेर उभा असायचा. गाडीत बसताना रोज एकच वाक्य म्हणायचा, "चला ड्रायव्हर, उशीर केलात."

त्या उन्हाळ्यात अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराने आपला जोडीदार जाहीर केला. उपाध्यक्षपदासाठी निवडलेल्या या माणसाचं आपल्या भारतीयांशी काहीतरी नातं होतं. रक्ताचं की लग्नाचं, हे सांगायला गेलो तर तोच वाद पुन्हा सुरू होईल, आणि आता माझ्यात ते बळ नाही. एवढंच सांगतो की दुपारपर्यंत माझा फोन तापला. ज्यांनी कधी स्कूल बोर्डाच्या निवडणुकीतही मत दिलं नव्हतं ते देशाचं भवितव्य सांगू लागले. कुणी गाव शोधून काढलं, कुणी कुलदैवत. अर्धे लोक अभिमानाने रडत होते, अर्धे म्हणत होते की असल्या माणसामुळे आपलीच नाचक्की होणार. मी पहिल्या अर्ध्यात होतो. घरासमोरच्या लॉनवर त्यांच्या प्रचाराची पाटी लावली आणि दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेलो.

मुंबईकराने दोन उचलले. डॉक्टरांनी शुगरचं नाव सांगून अर्धा घेतला. माझ्या मित्राने डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाचं बारसं?"

"बारसं कसलं? आपला माणूस व्हाइट हाऊसच्या दारात पोचलाय!"

"आपला? व्याही लागतो का तुझा?"

मुंबईकर हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं. मग मी बरंच बोललो. आपण इथे आलो तेव्हा लोक आपलं नाव उच्चारायचा कंटाळा करायचे, आज बघा, वगैरे. तो शांतपणे ऐकत होता.

"अरे, तो माणूस काय करणार आहे ते तरी सांग," तो म्हणाला. "टॅक्सचं काय, म्हाताऱ्यांच्या औषधांचं काय. नुसतं नातं सांगून मत मागायचं असेल तर ग्रामपंचायत काय वाईट होती?"

"म्हणजे तू दुसऱ्या बाजूला देणार?"

"बहुतेक."

"शरम वाटली पाहिजे," मी म्हणालो. "इथे राहून तू कुणाचाच झाला नाहीस."

मी ते फार मोठ्याने म्हणालो असणार, कारण शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला.

"तुझा स्वतःचा मुलगा वर्षातून एकदा फोन करतो," तो म्हणाला. "त्याला आपला करणं तुला जमलं नाही, आणि टीव्हीवरच्या माणसाला आपलं म्हणत लाडू वाटतोयस."

डॉक्टर उरलेल्या अर्ध्या लाडवाकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर तो बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला सहन झालं नाही. परत येताना नेहमीप्रमाणे मीच त्याला घरी सोडलं. उतरताना तो म्हणाला, "जास्त बोललो रे मी. सोडून दे." मी मान हलवली. त्याने त्याच्याकडून विषय मिटवला होता.

पुढच्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला फोन केला आणि सांगितलं, "चालणं सध्या बंद झालंय. डॉक्टरांचे गुडघे धरलेत, मुंबईकर मुलीकडे जातोय. बघू पुढे."

"बरं," तो म्हणाला. "सुरू झालं की सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरावरून न जाता दुसऱ्या रस्त्याने मॉलला गेलो. दोघांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "त्याला यायचं नाहीये. तुमच्यासारख्यांबरोबर नको, म्हणाला."

"उपाध्यक्षावरून?" मुंबईकर म्हणाला. "अध्यक्षावरून भांडला असता तर समजू शकलो असतो. उपाध्यक्षाला यार काम काय असतं? रिबिन कापायची आणि अध्यक्षाच्या तब्येतीची चौकशी करत बसायचं!"

"मी बोलतो त्याच्याशी," डॉक्टर म्हणाले.

"नका, डॉक्टर. आणखी चिडेल. जरा थंड होऊ द्या."

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं, एक-दोन आठवडे जरा त्याची जिरवू, मग नेऊ. पण तो दर आठवड्याला फोन करायचा आणि इकडचं तिकडचं झालं की विचारायचा, "सुरू झालं का रे?" मी म्हणायचो, "अजून नाही." प्रत्येक "अजून नाही"बरोबर त्याला परत नेणं अवघड होत गेलं. आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो असतो तर माझ्या दोन्ही थापा पाच मिनिटांत समोरासमोर आल्या असत्या.

निवडणूक झाली. निकाल लागला. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. लॉनवरची पाटी मी काढून गराजमध्ये टाकली. ज्या उपाध्यक्षासाठी मी हे सगळं केलं त्याचं नाव नंतर महिना-महिना घरात निघायचं नाही. बर्फ पडायला लागल्यावर मी मित्राकडे किराणा पोचवू लागलो. दूध, भाजी, कणीक. एकदा त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेलं. माझ्या मनात तेवढ्याने हिशोब फिटत होता. मॉलला मात्र नेलं नाही. तो त्या हिवाळ्यात फार बारीक झाला. बोलताना थांबायचा, शब्द शोधायचा. दिवसभर कुणाशी बोलणं नसलं की असं होतं, हे मला आता माझ्यावरून कळतं.

वसंतात त्याचा मुलगा आला आणि त्याला कॅरीला घेऊन गेला.

नंतर एकदा डॉक्टरांकडे जेवायला गेलो होतो. वहिनी ताटं वाढत होत्या. त्याचा विषय निघाला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मला भेटले होते की ते दिवाळीच्या आधी, इंडियन ग्रोसरीत. शेजारी घेऊन आला होता त्यांना. मी म्हटलं, काय हो, बाकीचे तिघं रोज मॉल पालथा घालतात, तुम्हीच का येत नाही?"

मी लगेच विचारलं, "मग? काय म्हणाला?"

"काय म्हणणार! हातातली पिशवी खाली ठेवली. मग हसले आणि म्हणाले, डोळ्यांमुळे जमत नाही हो वहिनी. मी तुमचंच नाव घेतलं, म्हटलं, भाऊजी नेतील की तुम्हाला. तर म्हणाले, तो बिचारा किती करेल माझं." वहिनींनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. "तुम्ही उगाच म्हणता ते रुसले होते. मला तर तसं काही वाटलं नाही."

म्हणजे त्याला दिवाळीच्या आधीच कळलं होतं. आणि त्यानंतर सबंध हिवाळा तो मला फोनवर विचारत राहिला, सुरू झालं का रे. माझं उत्तर खोटं आहे हे माहीत असताना विचारत राहिला. मी खरं बोलावं म्हणून तो जागा करून देत होता की मला खिजवत होता, याचा मी पुष्कळ विचार केला. खिजवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. जे बोलायचं ते तो तोंडावर बोलायचा आणि दारात उतरताना मिटवायचा.

त्यानंतर मी कॅरीला अनेक फोन केले. प्रत्येक वेळी खरं सांगायचं ठरवून केले. आणि प्रत्येक वेळी त्याच्या नातवाच्या सॉकरवर, माझ्या गुडघ्यांवर बोलून ठेवले. त्याने मात्र चालण्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

मग त्याला स्ट्रोक आला. त्याच्या मुलाचा फोन आला. मी म्हटलं, मला त्याच्याशी बोलायचंय.

"काका, बाबा बोलत नाहीत," मुलगा म्हणाला. "But he can hear. मी स्पीकरवर ठेवतो. You talk, okay?"

मी स्वयंपाकघरात उभा होतो. बोलायचं ते पाठ केलेलं होतं. चालणं कधीच बंद झालं नव्हतं. तू बोललास ते खरं होतं आणि मला ते ऐकवलं नाही, म्हणून मी तुला घरात बसवून ठेवलं. तुला कळलं, तरी तू माझी अब्रू राखलीस. मला माफ कर. इतकंच होतं. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी बोलतोय रे," मी म्हणालो. "इकडे अजून थंडी आहे. तुमच्याकडे बरी हवा असेल."

श्वास तसाच चालू होता. मी थांबलो. बराच वेळ थांबलो असणार, कारण मुलगा पुन्हा फोनवर आला.

"काका? Anything else? बाबांना अजून काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच. नंतर करतो पुन्हा."